उत्तरेचा बाण

सदरला, शिलाई मशीनच्या दुकानावर,
दोन खोल्यांचं ऑफिस थ्रेलफॉलसाहेबाचं.
पाटीवर आर्किटेक्ट, खाली अ‍ॅडलेड,
आणि रंगाऱ्याने पदरचा दिलेला एक अनुस्वार.
लोकांना नाव वळेना, त्यांनी फालसाहेब करून टाकला.
मी ट्रेसर. सुदाम बोरकुटे. पगार एकशे दहा,
वर अमोनियाचा वास फुकट,
जो माझ्या लग्नाच्या कोटालाही सुटला नाही.

पहिलं काम हेडाऊ वकिलाचं, धरमपेठेत.
उत्तरेला लांब ओसरी, उत्तरेला मोठ्या खिडक्या,
दक्षिणेला न्हाणी, कोठी आणि आंधळी भिंत.
मी रेघ न रेघ ट्रेसिंगवर घेतली.
वाटलं, साहेबाला काहीतरी कळत असेल.
एकशे दहा रुपयांत शंका बसत नव्हती.

पौषात वकिलीणबाई जिना चढून आल्या,
पदराखाली दीड महिन्याची नात.
"साहेब, पोरीला तेल लावून टाकू कुठं?
ओसरीवर ऊन येऊनच नाही राहिलं."
साहेब हसला. मग नकाशा उलगडला.
मग हसायचा थांबला.

त्याच्या गावी सूर्य उत्तरेकडून जातो.
थंडीत आई उत्तरेच्या खिडकीशी बसून वाटाणे सोलायची,
हे त्याने नंतर सांगितलं, चहा पार निवल्यावर.
समुद्र ओलांडून आला माणूस,
हाताने मात्र सूर्य तिकडचाच काढला.
"सुदाम, उत्तर चुकलं," तो म्हणाला.
आपल्या भाषेतली गंमत त्याला माहीत नव्हती,
मीही सांगितली नाही.

वकिलाने शेवटचा हप्ता दिला नाही,
संत्र्याच्या दोन पेट्या पाठवल्या.
साहेबाने त्यांची पावती लिहून दिली.

पुढे सव्वीस वर्षं
कोऱ्या कागदावर आधी उत्तरेचा बाण, मग बाकीचं जग.
कामठीचा दवाखाना. इतवारीतलं धान्याचं गोदाम.
एक थेटर, जे फक्त कागदावर चाललं.
एका शाळेचे सोळा संडास, ज्यांच्या कड्यांची उंची त्याने
पहिलीतल्या मुलींना हात वर करायला लावून ठरवली.
चौसष्ट फायली. उभ्या राहिल्या एकोणीस.
बाकीच्या सुधार प्रन्यासाच्या जिन्यात
वर चढत होत्या की खाली उतरत होत्या, कळलं नाही.
खाजगी प्रॅक्टिस म्हणजे, तो म्हणायचा,
दुसऱ्याच्या पैशाने झोपणं, स्वतःच्या पैशाने जागणं.
भाडं थकलं की दोनदा म्हणायचा.

मे महिन्यात वाळ्याच्या तट्ट्यावर मी पाणी मारायचो,
तरी शाई पेनातच वाळायची.
साहेब ओल्या पोत्यावर पाय ठेवून रेघा ओढायचा.
परत का जात नाही, एकदा विचारलं.
म्हणाला, "आता तिकडं उत्तर चुकेल."

जरीपटक्याच्या कब्रस्तानात त्याला ठेवला,
तेव्हा मी खिशात होकायंत्र नेलं होतं.
बाहेर काढलं नाही.

परवा हेडाऊंची नात आली. तीच. आता स्वतः आजी.
गच्चीवर सोलार बसवायचं आहे,
तो माणूस जुना नकाशा मागून राहिला.
म्हणाली, "थंडीत आजी तुमच्या साहेबाला शिव्या घालायची,
उन्हाळ्यात त्याच ओसरीवर खाट टाकायची."

माळ्यावरून गुंडाळी काढली. ट्रेसिंग पिवळं पडलेलं.
कोपऱ्यातला बाण उलटा होता.
मी असा काढला नव्हता.
खिडकीशी धरला तेव्हा दिसलं,
ब्लेडने खरवडलेली एक पातळ जागा,
आणि तिच्यात माझा बाण, पुसट, दुसरीकडे तोंड करून.
कधीतरी, मी घरी गेल्यावर,
घर फिरवता येत नव्हतं म्हणून
त्याने बाण फिरवला होता.
कागदापुरतं ऊन आणलं होतं ओसरीवर.

"काका, यातला खरा कोणता?" तिने विचारलं.
मी ब्लेडसाठी खिशात हात घातला.
खिशात चष्मा होता.